सुबुक्तगीन आणि हापसा

गझनीच्या सुलतानाबद्दल काही विचारायचं असेल, तर आमच्या गावात किराणा दुकानात जावं लागे. अडचण एवढीच, की ते कुणालाच विचारायचं नसे. लोकांना गूळ हवा असे, काडेपेटी हवी असे, फार झालं तर हळद. गूळ तोलता तोलता सुलतान मात्र फुकट मिळे, आणि तो नको म्हणायची सोय नव्हती.

गावाचं नाव सांगत नाही. परंड्याच्या अलीकडं, एसटी हात केल्यावर कधीमधी थांबते आणि न केल्यावर हमखास पुढं जाते अशा जागी ते आहे, एवढं पुरे. या हकिगतीतले चेअरमन अजून हयात आहेत, आणि त्यांची तब्येत त्यांच्या सोसायटीपेक्षा पुष्कळच बरी आहे.

दुकानदाराचं नाव शरणबसप्पा मिटकरी. गाव त्यांना शरणाप्पा म्हणे, आणि ते पाठमोरे झाले की बुखारा म्हणे. याला कारण त्यांचे वडील. निजामाच्या राज्यात वडिलांनी सरळ विचार केला होता. मराठी शिकला तर पोरगा दुकानात बसेल, उर्दू-फारसी शिकला तर कचेरीत बसेल. म्हणून शरणाप्पांना परंड्याला पाठवलं. तिथं किल्ल्याजवळ एक मौलवीसाहेब होते. अंगात उसवलेली शेरवानी, घरात दोन बकऱ्या, आणि डोक्यात बुखारा, समरकंद, निशापूर. त्यांनी या वाण्याच्या पोराला फारसी अशी शिकवली, की पोराला गल्लीतले शेजारी आठवायला वेळ लागे, पण सेल्जुकांचे सुलतान झोपेतही ओळीनं सांगता येत.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, आणि शरणाप्पांनी जिच्यासाठी रात्रीचा दिवस केला ती खुर्ची एकाएकी मराठी बोलायला लागली. शरणाप्पा गावी परतले आणि वडिलांच्या तराजूमागं बसले. डोक्यात चार-पाचशे वर्षांचे इराणी बादशहा, समोर खोबऱ्याची वाटी.

दुसरा एखादा असता तर विसरला असता. शरणाप्पांनी बादशहांना कामाला लावलं. दुकानात साखर संपली, की म्हणायचे, "सामानी घराणं असंच बुडालं बघा. मागणी एकीकडं, माल दुसरीकडं." ग्रामपंचायतीत भांडण झालं, की म्हणायचे, "बुवैही भावांचं हेच झालं. बाप मासे धरायचा, पोरांनी बगदादचा खलिफा मुठीत धरला, अन् मंग आपापसांत लागलं." ज्याला साखर हवी होती तो गप्प उभा राही. ज्याचं भांडण होतं तो बुवैही कोणत्या वॉर्डातले, हे विचारी.

त्यांच्या पत्नी गिरिजाबाई. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी फारसीतला एकच शब्द उचलला होता, तो म्हणजे 'बस'. आणि तो त्या दिवसभर वापरत.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गिरिजाबाईंना जगात एकच गोष्ट हवी होती. आपल्या लिंगायत गल्लीत हापसा. दुष्काळानं गावातले आड कोरडे पडले होते. पाणी उरलं होतं ते सोसायटीचे चेअरमन हिंमतराव यांच्या मळ्यातल्या विहिरीला. सबंध गाव तिथं घागरी घेऊन जाई. पाणी फुकट होतं, फक्त मागावं लागे. विहिरीवर चेअरमनच्या पत्नी कस्तुराबाई खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकीला, "आलात का? या," असं म्हणत. त्या 'या'मध्ये एवढे उपकार असत, की रिकामी घागरसुद्धा जड व्हावी. गिरिजाबाईंचे गुडघे गेलेले. मळ्याची ती चढण घागर घेऊन उतरताना त्या महादेवाला हाक मारत आणि चढताना चेअरमनला शिव्या देत.

अशात बोरची गाडी तालुक्याला आल्याची बातमी लागली. साहेब येऊन दोन जागा दाखवून गेले. एक लिंगायत गल्लीत, मठाच्या कडुलिंबाखाली. दुसरी ओढ्यापलीकडं, बौद्धवस्तीच्या तोंडाशी. बोर एकच मिळणार, जागा गावानं ठरवावी, असा हुकूम. गावानं ठरवायचं म्हणजे हिंमतरावांनी ठरवायचं, हे बोर पाडणाऱ्या यंत्रालासुद्धा ठाऊक असावं. पलीकडच्या वस्तीची दशा तर आणखी वेगळी. त्यांच्या घागरीत विहिरीवरचं कुणीतरी वरून, लांबून पाणी ओती. त्यांनी छप्पन सालानंतर धर्म बदलला होता, विहिरीनं बदलला नव्हता.

एक दिवस हिंमतराव स्वतः दुकानात आले. पांढरी टोपी, पांढरा नेहरूशर्ट, आणि दुष्काळात न शोभणारं पोट.

"आप्पा, साखर कारखान्याचे आण्णासाहेब येनार हायेत."

"कशाला?"

"माझा सत्कार हाय."

"अरे वा. कोण करतंय?"

"मीच. म्हंजी गाव." हिंमतरावांनी टोपी सारखी केली. "आवंदा कारखान्यावर संचालक व्हायचं म्हंतोय. आण्णासाहेबांच्या कानावर आपलं खानदान पडाय पायजे. तवा तुमी माझी तवारीख सांगायची. तुमच्या त्या इराणी लोकांची सांगता का न्हाय, तशी. जरा वजनदार. पानिपत घाला. आमचे पूर्वज पानिपतावर हुते."

शरणाप्पांच्या हातातलं माप तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना तवारीख मागत होतं, आणि तीही गूळ न मागता.

आतून गिरिजाबाईंचा आवाज आला. "सांगतील की. पर हापसा कुठं बसनार, चेअरमनसाहेब?"

"मठापशी, काकू. शब्द दिला."

"लिंबाखाली?"

"लिंबाखालीच. तुमच्या उंबऱ्यातून दिसंल असा."

हिंमतराव गेले. शरणाप्पा तराजूमागं असे बसले, जणू तराजूच्या एका पारड्यात गझनी आणि दुसऱ्यात इस्फहान आहे. म्हणाले, "गिरिजा, दरबारी इतिहासकार झालो मी."

"झालात तर झालात. आता त्यानं सांगितलंय तेवढंच बोला. पानिपत घाला अन् खाली बसा."

"पानिपतावर गेलो म्हणणारी घराणी एकट्या आपल्या गावात डझनभर निघतील. एवढे लोक खरंच गेले असते तर आपण जिंकलो असतो."

"तुमाला काय करायचंय? आपल्याला हापसा पायजे का पानिपत?"

"अगं, खोटा पूर्वज लावणं ही हलक्या घराण्याची खूण असते. ज्याला त्याला जुन्या इराणी राजांच्या वंशात घुसायची हौस. खरी इज्जत कशात असते, ते तू ऐकच त्या दिवशी."

"काय बोलनार हाय तुमी?"

"तिथंच ऐक."

गिरिजाबाईंचा डावा डोळा फडफडला म्हणतात. आमच्या भागात हे म्हणायची पद्धत आहे. खरं कारण असं, की नवरा खूश दिसला की त्यांना नेहमीच भीती वाटे.

आता शरणाप्पांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून निघाला. त्यांनी ज्या घराण्यांवर जीव लावला होता, त्यांतली कैक अगदी खालून वर आलेली. सफ्फारी घराण्याचा मूळपुरुष तांबट. बुवैहींचा बाप मासे धरणारा. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सुबुक्तगीन. तुर्की पोरगा, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, मालकाच्या मर्जीस उतरला, त्याचा जावई झाला आणि गझनीच्या गादीवर बसला. गुलामाचा सुलतान! शरणाप्पांच्या लेखी माणसाची यापेक्षा मोठी स्तुती जगात नव्हती. बापजाद्यांच्या जिवावर कुणीही मोठा होतो. बाजारात विकला गेलेला माणूस तख्तावर बसतो, तेव्हा त्याच्यात काहीतरी असतं, असं ते म्हणत आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून येत.

आणि हिंमतरावांच्या घराण्यात असा एक सुबुक्तगीन होता. आजोबा कोंडिबा. जळकोटकडून कुठून तरी एका घोंगडीनिशी आले, नानासाहेब देशमुखांकडं सालगडी राहिले. राबले, देशमुखांच्या विश्वासाला उतरले, पुढं त्यांच्याच जमिनीचे कूळ झाले आणि कूळकायदा आल्यावर मालक. जुन्या माणसांना हे सगळं माहीत होतं. गावात काही गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, म्हणूनच त्या कुणी बोलत नाही. फारसी शिकलेल्या माणसाला मात्र ही गावातली मराठी कळत नव्हती.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. दुष्काळी खडीच्या कामावरच्या बायाबाप्यांना त्या दिवशी हजेरी लावून मांडवात बसवलं होतं. खडी फोडा किंवा भाषण ऐका, मजुरी तीच. बायांनी खडी बरी असं आपसांत ठरवलं होतं, पण मांडवात सावली होती. व्यासपीठावर आण्णासाहेब, त्यांच्याशेजारी हार घालून हिंमतराव. हार झेंडूचा. पटांगणात प्यायला पाणी नव्हतं, पण झेंडू कुठून तरी भिजलेला आला होता.

शरणाप्पा उठले. धुवट धोतर, काळा कोट, आणि डोक्यावर मौलवीसाहेबांनी दिलेली जुनी तुर्की टोपी. ती पाहून पोरं खिदळली. त्यांनी आधी रीतीप्रमाणं परमेश्वराची स्तुती केली, मग पावसाची केली, मग आण्णासाहेबांची. आण्णासाहेबांनी मान डोलावली. हिंमतरावांनी पानिपताची वाट पाहत छाती काढली.

"सज्जनहो," शरणाप्पा म्हणाले, "घराणी दोन तऱ्हेची असतात. एक जन्मानं मोठी. ती आमच्या दुकानातल्या जुन्या बदामासारखी, वरून छान, आत भुसा. दुसरी करणीनं मोठी. आपल्या परंड्याच्या किल्ल्यात निजामशाहीचं तख्त कुणी मांडलं? मलिक अंबरनं. कोण हुता तो? बाजारोबाजार विकला गेलेला हबशी गुलाम! आणि गझनीची गादी कुणी उभारली? सुबुक्तगीननं. कोण हुता तो? गुलाम!"

गिरिजाबाई बायांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात धरला.

"आणि आमच्या गावचा सुबुक्तगीन कोण?" शरणाप्पांचा हात हिंमतरावांकडं वळला. "यांचे आजे, कोंडिबा! एका घोंगडीनिशी आले. देशमुखांचे सालगडी झाले. देशमुखांच्या गोठ्यात झोपले, देशमुखांचं शेण काढलं, देशमुखांचं उष्टं खाल्लं—"

"बस!" गिरिजाबाई बायांतून ओरडल्या.

पण सुलतानांची स्वारी अशी थांबत नसते. "—आणि आज त्या गोठ्यात झोपणाऱ्याचा नातू हा असा हार घालून तख्तावर बसलाय! याला म्हणतात घराणं! बुखाऱ्यापासून बगदादपर्यंत अशी शान दुसरी नाही!"

आधी एक टाळी वाजली. ती बौद्धवस्तीतल्या चांगुणाची. चांगुणा खडीच्या कामावर मुकादमालासुद्धा उलटं बोलणारी बाई, आणि तिच्या आजानंही त्याच गोठ्यातलं शेण काढलेलं. मग सगळ्या बायांनी टाळ्या पिटल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "व्हय व्हय, कोंडिबाच! माझ्या सासऱ्याबरूबर गोठ्यात निजायचा. लई घोरायचा म्हनं!" मांडव हसला. आण्णासाहेब तर पोट धरून हसले, कारण त्यांचंही मूळ असंच कुठल्यातरी गोठ्यात होतं आणि तिथं पोचायला आता मोटार लागत होती. ते हिंमतरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा, हिंमतराव! हीच खरी सहकाराची चळवळ!"

हिंमतराव हसले. त्यांचं ते हसणं मी पाहिलं आहे. दाताच्या डॉक्टरपुढं माणूस तोंड उघडतो, तसं ते होतं. त्यांनी भाषणात पानिपताचा उल्लेख स्वतःच केला, पण मागून कुणीतरी "घोंगडी घेऊन का?" असं विचारलं आणि पानिपत पुन्हा एकदा हातचं गेलं.

शरणाप्पा खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. शेजारच्या मास्तरांना म्हणाले, "बक्षीस नको म्हणणार होतो, पण हापसा गल्लीचा आहे, घ्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी बोरची गाडी गावात शिरली. लिंगायत गल्लीनं मठासमोर सडा घालायचा विचार केला होता, पण पाणी नसल्यामुळं नुसती रांगोळी काढली. गाडी मठापाशी आली, रांगोळीवरून गेली आणि न थांबता ओढ्याकडं निघाली. मागोमाग हिंमतरावांची फटफटी. शरणाप्पा धावत पुढं झाले.

"चेअरमन, जागा चुकली! लिंब इकडं हाय."

हिंमतरावांनी फटफटी थांबवली. "जागा बराबर हाय, आप्पा. तुमाला गुलाम लई आवडत्यात न्हवं? मंग जावा वड्यापल्याड, त्यांच्या हापशावर प्या पानी. बघतो तुमची गल्ली कशी पिती ती."

शरणाप्पांना अजूनही कळेना. "पण मी स्तुती केली हुती!"

"त्याचंच बक्षीस हाय," हिंमतराव म्हणाले आणि धूळ उडवत गेले.

आमच्या गावात एखाद्याला मारायचं असेल तर कुणी हात उचलत नाही. त्याच्या जातीच्या अब्रूवर नेऊन उभं करतात आणि बाजूला होतात. हिंमतरावांनी पलीकडच्या वस्तीला पाणी दिलं, ते इकडच्या गल्लीला तहानेनं मारण्यासाठी. एवढ्या मोठ्या सुडातून एवढं चांगलं काम कुणाच्याही हातून नकळत झालेलं नसेल. बोरला दणदणीत पाणी लागलं. वस्तीतली पोरं त्या फवाऱ्यात नाचली, आणि हापसा बसला त्या दिवशी पलीकडून 'जय भीम'चा असा आवाज उठला, की मळ्यात कस्तुराबाईंची खुर्ची हलली असावी.

इकडं गल्लीची बैठक मठात भरली. सगळे शरणाप्पांवर तुटून पडले. कुणी म्हणालं, मळ्यावर जाऊन चेअरमनच्या पाया पडा. पण मळ्याचं दार आता गल्लीला बंद झालं होतं. कस्तुराबाईंनी निरोप पाठवला होता, की गुलामाच्या घरचं पाणी बड्या लोकांनी पिऊ नये. कुणी म्हणालं, टँकरचा अर्ज करू. कुणी म्हणालं, वस्तीतल्या एकाला सांगू, तो घागरी भरून ओढ्याच्या अलीकडं आणून ठेवील, म्हणजे आपण तिकडं गेलो असं होणार नाही. हा तोडगा सगळ्यांना पसंत पडला. शरणाप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "सेल्जुकांच्या काळी एकदा असाच पेच—"

"बस," गिरिजाबाई दारातून म्हणाल्या. काखेत घागर, डोक्यावर चुंबळ. "दुसऱ्यानं तिकडून घागरी वाहायच्या, अन् तुमी इकडं बसून इज्जत प्यायची? गळ्यात लिंग बांधून फिरताय सगळे. त्याला इचारा की, आंघोळ कुठल्या पान्यानं घालू म्हनून. मी चालले."

आणि त्या गेल्या. शरणाप्पा मागं धावले, कारण एकट्या बाईनं जाणं बरं दिसत नाही, आणि बैठकीत एकट्या पुरुषानं बसणं त्याहून बरं दिसणार नव्हतं.

हापशावर रांग होती आणि रांगेची मालकी चांगुणाकडं होती. गिरिजाबाईंना पाहून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"या, मालकीनबाई. कसं करू? वरून वतू का घागरीत, लांबून? का दांड्याला हात लावताय?"

गिरिजाबाईंनी घागर खाली ठेवली.

"दांडा धरते. तुज्या चेअरमनचे पोहरे वढून हात गेले माझे, आता बाट लागाय त्यात उरलंय काय?"

"माझा कशाला चेअरमन? तुमचाच की. तुमच्या मालकानंच त्याला सुलतान केला."

"केला, अन् भोगतोय. नंबर कितवा माझा?"

"शेवटचा."

"उभी ऱ्हाते."

त्या उभ्या राहिल्या. चांगुणानं थोडा वेळ त्यांच्या गुडघ्यांकडं पाहिलं, आणि मग एक दगड पायानं सरकवून दिला. "बसा त्यावर. नंबर सुटत न्हाय."

नंबर आला तेव्हा गिरिजाबाईंच्यानं दांडा खाली जाईना. नवा हापसा ताठ होता. शरणाप्पा पुढं झाले, कोटाच्या बाह्या सारल्या आणि हापसू लागले. आयुष्यात त्यांनी तराजूपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं. घागर अर्धी भरेतो धापा टाकायला लागले. थांबले, आणि थांबल्यावर जे करायचे तेच केलं.

"या हापशावरनं आठवलं. सुबुक्तगीनचा मालक जो हुता, अल्पतगीन, तो—"

"मालक, हात," चांगुणा म्हणाली. "मागं एवढ्या बाया उभ्या हायेत. सांगायचं तर हापसत सांगा."

शरणाप्पांना ही अट मान्य झाली. ते हापसत सांगू लागले, सांगत हापसू लागले. गिरिजाबाईंची घागर भरली, तरी अल्पतगीन अजून बुखाऱ्यातून निघाला नव्हता. मागच्या म्हातारीनं आपली घागर हापशाखाली सरकवली आणि म्हणाली, "चालू द्या, आप्पा. त्या गुलामाला इकला का न्हाय अजून?"

"आता इकतो."

"इका, इका. घाई न्हाय."

लिंगायत गल्ली दोन दिवस ओठ चाटत बसली. मग एकेक घागर ओढा ओलांडू लागली. पहिल्यांदा सुना, मग सासवा, आणि शेवटी ज्यांनी टँकरचा अर्ज केला होता ते बापे. सगळे शेवटचा नंबर घेत आणि चांगुणाला 'चांगुणाबाई' म्हणत. हिंमतरावांची विहीर आटली असं तुम्हांला वाटलं असेल. ती गोष्टीतली विहीर. आमच्या गावातली आटली नाही. हिंमतराव कारखान्यावर संचालक झाले आणि आण्णासाहेब प्रत्येक सभेत त्यांची ओळख "गोठ्यातून वर आलेले आमचे हिंमतराव" अशी करून देऊ लागले. ते ऐकताना हिंमतरावांचे दात दुखत, पण टाळ्या पडत, म्हणून ते कुणाला थांबवत नसत.

शरणाप्पा त्या उन्हाळ्यात रोज हापशावर उभे राहिले. दंड जरा भरले. गझनीचं घराणं आखाडाच्या आधीच संपलं, कारण रांग मोठी होती. महमूद सुलतानाच्या स्वाऱ्या चालू असताना तर त्यांनी एवढ्या जोरात हापसलं, की वॉशर फाटलं. तेव्हा चांगुणानं ठरवून टाकलं, की लढाया नकोत, पोराबाळांचं आणि लग्नकार्याचं सांगा.

"लग्नं लई हायेत," शरणाप्पा म्हणाले, "पण त्यांत दरोडेच जास्त."

"मंग हळू हापसा," गिरिजाबाई म्हणाल्या आणि पुढची घागर सरकवली.